जरा फेअर करून दे

दरवर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर एक शब्द लिहिते, फेअर, आणि मुलांना म्हणते, सांगा याचे किती अर्थ येतात तुम्हाला. शिकवायला लागून सत्तावीस वर्षं झाली. सत्तावीस वर्षांत पहिलं उत्तर बदललेलं नाही. "मॅडम, गोरा!" असं अख्खा वर्ग ओरडतो आणि मधल्या बाकांवरच्या दोन-चार मुली आपल्या हातांकडे बघतात. मग कुणाला फेअर वही आठवते, कुणाला क्रिकेटमधला फेअर प्ले. न्याय्य, रास्त हा अर्थ निघायला तास संपत येतो, आणि तोही बहुतेक वेळा मलाच सांगावा लागतो. गेल्या वर्षी एका मुलीला म्हटलं, वाक्य कर. ती उठून म्हणाली, "माय कझिन इज फेअर, सो शी हॅज नो टेन्शन." व्याकरणाची चूक काढायला जागा नव्हती. मी तिला बस म्हटलं आणि उरलेला तास मुलांना शुद्धलेखन लिहायला लावलं.

हा शब्द मला बाबांनी शिकवला. तेही इंग्रजीचेच मास्तर. नंदनवनात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यात एकच जाडजूड वस्तू होती, बाबांचा शब्दकोश. त्याची पाठ उसवली तेव्हा त्यांनी ती चौकातल्या चांभाराकडून जोड्याच्या दोऱ्यानं शिवून आणली. रविवारी सकाळी आंघोळी झाल्या की ताईला आणि मला समोर बसवून ते एकेका शब्दाचं कूळ काढत. आमच्या आजोबांनी छप्पन साली याच नागपुरात दीक्षा घेतली. घरातले देव गेले, उपास गेले, पत्रिका आणि मुहूर्त गेले. बाबांचं म्हणणं असं की माणसाचं कूळ विचारू नये, शब्दाचं मात्र जरूर विचारावं, कारण शब्दाला त्याचा अपमान वाटत नाही.

फेअरवर त्यांचा फार जीव. हा शब्द मुळात फक्त सुंदर एवढ्याच अर्थाचा, ते सांगत. सुंदर म्हणजे डाग नसलेलं. म्हणून निरभ्र आभाळाला फेअर म्हणायचं, खाडाखोड नसलेल्या कागदाला फेअर म्हणायचं. मग डाग नसलेल्या वागण्यालाही तोच शब्द लागला, म्हणजे न्यायाला. इथवर येऊन बाबा थांबत, चष्मा काढून पुसत आणि हसत. "आन् मंग त्या गोऱ्या लोकाईनं आरशात पाह्यलं आन् आपल्या कातडीलेच हा शब्द लावून घेतला. ज्याच्या हातात डिक्शनरी, तो सुंदर." बाबा स्वतः काळेभोर होते. शाळेत पोरं त्यांना मागून काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं, आणि ते ती गोष्टही आम्हाला हसत सांगत.

पुढे ते रेशनच्या दुकानाची पाटी आठवायला सांगत. रास्त भाव दुकान. त्यातला रास्त म्हणजे हाच फेअर. प्रगतीपुस्तकात एक्सलंट, गुड, फेअर असे शेरे असतात, त्यातला फेअर म्हणजे बरा, चालून जाईल असा. एकाच शब्दाचा अर्थ सुंदर आणि चालून जाईल असाही कसा, हे ताईनं एकदा विचारलं. बाबा म्हणाले, वापरून वापरून शब्द झिजतात, नाण्यावरचा छाप झिजतो तसे. आणि जत्रेला म्हणतात तो फेअर? दसऱ्याला दीक्षेच्या मैदानाभोवती पुस्तकांची दुकानं लागतात, तिथे बाबा आम्हाला दरवर्षी घेऊन जात, त्या गर्दीत त्यांनी हे सांगितलं. तो फेअर वेगळा. तो लॅटिनमधल्या सणासुदीच्या सुटीच्या शब्दातून आलेला, त्याची आई वेगळी, बाप वेगळा. नुसतं दिसायला सारखं. मग ताईच्या आणि माझ्या डोक्यावर एकेक हात ठेवून म्हणाले, "आन् तुमचं उलटं आहे. दिसायले वेगळ्या, पण मायबाप एकच."

ते खरंच होतं. मी आईवर गेले, ताई बाबांवर. पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच, ह्या सख्ख्या बहिणी आहेत का हो? ताई तेव्हा आत निघून जायची. मी बसून राहायचे. बसून राहण्यात मला काय मिळत होतं ते मला तेव्हाही कळत होतं आणि आज कळत नाही असं म्हटलं तर तो खोटेपणा होईल.

आमच्या घरात एक शिस्त होती. काहीही लिहायचं तर आधी रफ, शिसपेन्सिलीनं, पाठकोऱ्या कागदावर. ते रफ बाबा मोठ्यानं वाचत, घरातले सगळे ऐकत, चुका निघत, शब्द बदलत. मग ते माझ्याकडे येई. माझं अक्षर घरात सगळ्यात चांगलं होतं, म्हणून शाईच्या पेनानं मी ते फेअर करायचे. आणि फेअर झालेला कागद पुन्हा कुणी वाचत नसे. तो वाचणं म्हणजे लिहिणाऱ्यावर संशय घेणं, असं बाबा म्हणत. कागद घडी होऊन सरळ पाकिटात जाई. हळूहळू गल्लीतले लोकही येऊ लागले. कुणाचा बदलीचा अर्ज, कुणाची सासरी पाठवायची चिठ्ठी, कुणाच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर. रफ बाबांकडून दुरुस्त करून घ्यायचं आणि मग दारातूनच मला हाक मारायची, "बाई वं, जरा फेअर करून दे!" सोळाव्या-सतराव्या वर्षी मला गल्लीत फेअरवाली म्हणत. मला त्याचा केवढा तोरा होता! माझ्या हाताखालून गेलेल्या कागदावर एक डाग सापडायचा नाही.

मी अठरा वर्षांची होते आणि ताई तेविसाची, तेव्हा तिचा बायोडाटा लिहायचं ठरलं. तेव्हा तो हातानं फुलस्केप कागदावर लिहायचा, वर कोपऱ्यात फोटो टाचायचा आणि मध्यस्थांकडे द्यायचा. झेरॉक्स बाबांना पसंत नव्हती. आपल्या मुलीची माहिती म्हणजे काय नोकरीचा अर्ज आहे का, असं त्यांचं म्हणणं. सात प्रती हातानं करायच्या होत्या. रफ बाबांनी लिहिलं, पण या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. ताई स्वयंपाकघरात होती, तिच्यासमोर तिचंच काय वाचायचं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तो कागद गुपचूप माझ्या हातात दिला आणि ते शाळेत गेले.

नाव, जन्म, उंची, शिक्षण. पत्रिकेचा रकाना आमच्यात नव्हताच. देव गेले तसा तो गेला होता. वर्णाचा रकाना मात्र होता. तो कुणी विसर्जित केला नव्हता. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही घराच्या, कुठल्याही धर्माच्या बायोडाटात तो होता, आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ एवढेच शब्द मी आजवर फेअर केले होते. सावळ्या मुली गल्लीत काय कमी होत्या? पण कागदावर सगळ्या गव्हाळ. बाबांच्या रफमध्ये त्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: सावळा, वडिलांसारखा.

माझा हात थांबला. मी ताईच्या भल्यासाठी थांबले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते थोडंफार खरंही असेल. पण त्याहून खरं हे आहे की माझ्या त्या देखण्या अक्षरातल्या देखण्या कागदावर मला तो शब्द डाग वाटला. मी लिहिलं, गोरा. पुढचं वडिलांसारखा गाळलं, कारण ते आता जुळत नव्हतं. पहिल्या प्रतीवर लिहिताना घाम फुटला होता. दुसरीपासून काही वाटलं नाही. संध्याकाळी बाबांनी सातही कागद घेतले, न वाचता घडी घातली, पाकिटात घातले. म्हणाले, "शाबास."

महिन्याभरात अमरावतीकडचं स्थळ बघायला आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. मुलगा मला चांगला वाटला, खाली मान घालून पोहे खात होता. ताई ट्रे घेऊन आली, कप ठेवले, उभी राहिली. आत्यानं पर्समधून आमचा कागद काढला, उलगडला, कागदाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. ट्यूबलाइट लावा म्हणाली. दुपार होती, तरी बाबांनी लावली.

"सर, तुम्ही त शिकलेले माणसं," आत्या म्हणाली. "यात गोरा लिहून आहे नं. पोरगी आम्हाले चालली असती. पण खोटं कसं चालन?"

पोरगी चालली असती हे किती खरं होतं कोण जाणे. अशा वेळी असंच बोलतात. बाबांनी हात पुढे करून कागद घेतला. चष्मा लावला. त्यांनी तो रकाना वाचला, आणि अक्षर तर त्यांना वाचण्याआधीच कळलं असेल. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. कागदाची होती तशी घडी घालून ते म्हणाले, "चूक माझी आहे. मीच तसं लिहायले लावलं. माफ करा."

ताई ट्रे हातात घेऊन तशीच उभी होती. पाहुणे गेल्यावर तिनं बाबांना एकच विचारलं, "बाबा, तुम्हाले माझी लाज वाटते?"

"नाही."

"मंग काहून लिहिलं?"

बाबांनी उठून ट्यूबलाइट बंद केली. मी आत कप विसळत होते. माझ्यापासून ती दोघं चार पावलांवर होती. ती चार पावलं मी चालले नाही. धुतलेले कप मी पुन्हा धुतले.

पुढे जे स्थळ आलं त्याला ताईनं मुलगा न बघताच हो म्हणून टाकलं. भाऊजी वाईट नाहीत. मारझोड नाही, व्यसन नाही. फक्त घरातली लाइट गेली की चारचौघांत म्हणतात, आता हिला शोधायचं कसं? सगळे हसतात, ताईही हसते. लग्नानंतर ताई माहेरी यायची ती आईसाठी. बाबांशी बोलायची, पण कामापुरतं: औषध घेतलं का, पेन्शन आली का. रविवारचे शब्द बंद झाले. बाबांनी मलाही पुन्हा कधी काही फेअर करायला दिलं नाही. गल्लीतलं कुणी आलं तर सांगत, तिला अभ्यास आहे. रागावले नाहीत, एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले, मनीषनगरात फ्लॅट घेतला, आईला आधी पोचवलं आणि नऊ वर्षांपूर्वी बाबांना. शेवटचे पंधरा दिवस ते धंतोलीतल्या एका दवाखान्यात होते. ताई रोज तिच्या घरून डबा घेऊन यायची आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. डबा माझ्या हातात द्यायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, मले तिथला वास सहन होत नाही. बाबा मला विचारायचे, ती आली का? मी म्हणायचे, आली, बाहेर आहे. ते मान हलवायचे.

एके दिवशी मी त्यांना म्हटलं, "बाबा, मी सांगू का तिला?" इतक्या वर्षांत आमच्यात ती गोष्ट पहिल्यांदाच निघाली. त्यांना बोलायला त्रास होत होता. "आता काय फेअर करतं वं," ते म्हणाले. "राहू दे रफच. तिले एकच त बहीण आहे." आणि मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण मला सुटल्यासारखं बरं वाटलं. मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि रिकामा डबा घेऊन बाहेर ताईकडे गेले.

ते गेल्यावर शब्दकोश माझ्याकडे आला. त्यात मधेच एक पाठकोरा कागद निघाला. बायोडाट्याचं रफ. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होतं. इतकी वर्षं त्यांनी तो का ठेवला असेल? स्वतःच्या खरेपणाचा पुरावा म्हणून नक्कीच नाही, कारण तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. मीही तो नऊ वर्षं कपाटात, माझ्या सर्टिफिकेटांच्या फायलीत ठेवला. मीही कुणाला दाखवला नाही. त्यांचं ठेवणं आणि माझं ठेवणं यात किती फरक आहे ते मला चांगलं माहीत आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत ताईचा फोन आला. "पोट्टीचा बायोडाटा बनवून राहिलो आम्ही. तू येनं रविवारी. जरा फेअर करून दे."

भाची सत्तावीस वर्षांची आहे, चांगल्या कंपनीत कामाला आहे. ताईवर गेली आहे, म्हणजे बाबांवर. रविवारी निघताना मी कपाट उघडलं आणि तो कागद पर्समध्ये टाकला. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. ऑटोत बसून सगळ्या रस्त्यानं मी स्वतःला सांगत होते, काही नाही, नुसता जवळ असू दे.

भाचीनं लॅपटॉपवर सगळं तयार करून ठेवलं होतं. फुलापानांची चौकट, डावीकडे फोटो. नाव, जन्म, उंची, शिक्षण, नोकरी. खाली नातेवाईक: वडील, आई, काका, आत्या, मावशी. मावशीपुढे लिहिलं होतं, इंग्रजीच्या शिक्षिका, मनीषनगर, नागपूर. ताई म्हणाली, "तुझं नाव वाचून समोरचे जरा दबून राहतात." ती हे कौतुकानं म्हणाली. वर्णाचा रकाना तेवढा रिकामा होता.

"मावशी, काहीपण लिही," भाची म्हणाली. "फोटोले त सगळे फिल्टर लावूनच राहिले." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

"फेअर लिही," ताई म्हणाली. "इंग्लिशमध्ये लिहिलं की खुपत नाही. मराठीत लिहिलं त लोक फसवलं म्हणतात, आपल्या घरी झालं तसं." मग आवाज न बदलता, भाजीचा भाव सांगावा तशी ती म्हणाली, "बाबाले माझी लाज वाटे. मले माह्या पोरीची वाटत नाही. मी फक्त शहाणी झाली."

माझी बोटं लॅपटॉपवर होती. ती मी उचलली आणि पर्समधून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. हे धाडस नव्हतं. बाबांबद्दलचं ते वाक्य त्या घरात, त्यांच्याच नातीच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं मला ऐकवेना, एवढंच.

ताईनं चष्मा लावला. तिला वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचते. नावापासून सुरुवात केली. त्या रकान्यावर आली तेव्हा तिनं तो मोठ्यानं वाचला. "सावळा, वडिलांसारखा." मग पुन्हा एकदा, नुसतंच, "वडिलांसारखा."

"हे बाबांचं अक्षर आहे," ती म्हणाली.

"हो."

"आन् गोरा?"

"मी लिहिलं. सातही कागदांवर. बाबांना माहीतच नव्हतं. त्यांना तिथे, त्या बाईसमोर कळलं."

ताई ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं कागद मांडीवर ठेवला आणि हातानं सरळ केला. "हे दोन शब्द लिहायले तुले काय झालं होतं वं?" तिनं विचारलं. खरोखर विचारलं, उत्तर हवं असल्यासारखं. डाग वाटला हे तिला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, मी लहान होते.

"अठराची होती तू," ताई म्हणाली. आत कपबशांचा आवाज येत होता. "मी त्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसून होती. पंधरा दिवस. तू आतबाहेर करत होती. दर वेळी माह्या समोरून."

"बाबांनीच सांगू नको म्हटलं होतं," मी म्हटलं. आयुष्यात मी पुष्कळ चुकीची वाक्यं तपासली, पण इतकं हलकट वाक्य मी कुणाच्या वहीत पाहिलेलं नाही.

"बाबाले जाऊन नऊ वर्षं झाले," ताई म्हणाली. "त्याच्यानंतर कोणं अडवलं होतं तुले?"

कुणीच नाही. भाची चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि आमची तोंडं पाहून तिथेच थांबली. तिच्या आईच्याच उंचीची, तिच्याच रंगाची, तसाच ट्रे दोन्ही हातांत धरलेला. ताईनं लेकीकडे पाहिलं आणि तिला पहिल्यांदा रडू फुटलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "मावशी निघाली. चहा नाही घेत ते."

भाची फाटकापर्यंत आली. काय झालं मावशी, विचारत होती. मी म्हटलं, आईला विचार. कागद ताईच्या मांडीवरच राहिला होता. तो परत मागण्याचा मला हक्क नव्हता आणि मागायचाही नव्हता. ऑटोत बसल्यावर मला रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. एवढंच सारखं मनात येत होतं की मी बाबांनाही वाचवलं नाही आणि ताईलाही काही दिलं नाही. बाप तिला परत दिला, असं म्हणावं तर तो द्यायला आता बाप कुठे होता? मी तिला फक्त त्या बाकावरचे पंधरा दिवस परत दिले.

शाळा सुरू झाल्यावर नववीला तो शब्द शिकवायची वेळ आली. पहिला हात वर झाला, मॅडम, गोरा! मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. न्यायाचा अर्थ या वर्षी मी मुलांना सांगितला नाही. पुस्तकात आहे, वाचून घ्या म्हटलं.

आठवड्याभरानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाचीचा बायोडाटा आला. ताईनंच टाकला होता. तीच फुलापानांची चौकट, तोच फोटो, फिल्टर नसलेला. मी मोठा करून वर्णाचा रकाना शोधला. सावळा, आजोबांसारखा. मी तो दोन-तीनदा वाचला. बाबा असते तर त्यांनी तो मोठ्यानं वाचायला लावला असता. मग मी खाली आले. वडील, आई, काका, आत्या. आत्याच्या खाली मावशीची ओळ होती, ती मी स्वतः पाहिली होती. आता आत्याच्या खाली थेट फोन नंबर होता. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले होते. मीही एक दिला.